किमान मागणीचा आकडा आणि छोट्या आयातदाराचे भांडवल

इचलकरंजीतील एखाद्या यंत्रमागधारकाकडे जाऊन वेगळ्या नक्षीचे फक्त शंभर मीटर कापड विणून मागितले, तर तो बहुधा नकार देईल, आणि त्या नकारात अडवणूक नसेल. ताण्याचे बीम भरायचे, त्यातले हजारो धागे एकेक करून वही (धागे वर-खाली करणारी मागाची चौकट) आणि फणी यांतून ओवायचे, माग जुळवायचा, सुरुवातीचे सदोष कापड बाजूला काढायचे, ही सगळी तयारी शंभर मीटरसाठी जेवढी करावी लागते तेवढीच दोन हजार मीटरसाठीही करावी लागते. दोन हजार मीटरवर तिचा खर्च पसरला की तो जाणवत नाही. शंभर मीटरवर पडला की कापडाचा भाव ऐकून गिऱ्हाईकच परत फिरते.

चीनमधील पुरवठादार जेव्हा ‘किमान एक हजार नग’ असे कळवतो तेव्हा तोही हेच सांगत असतो. या आकड्याला व्यापारात ‘मिनिमम ऑर्डर क्वांटिटी’ किंवा थोडक्यात एमओक्यू म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक छोटे व्यापारी आता घरबसल्या ग्वांगडोंग किंवा झेजियांग प्रांतातील पुरवठादारांशी बोलून माल मागवतात, आणि न्हावाशेवा बंदरात उतरलेला माल सांगली, नाशिक, छत्रपती संभाजीनगरपर्यंत पोहोचतो. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे पहिले नुकसान वस्तूची निवड चुकल्यामुळे होत नाही. ते मागणीचा आकडा चुकल्यामुळे होते. म्हणून हा आकडा कशातून तयार होतो आणि आपला आकडा आपण कसा ठरवावा, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

केकसाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या साच्यांचेच उदाहरण घेऊ. कारखान्यात धातूचा मूळ साचा प्रेसवर चढवतात, तो तापवतात, रंग मिसळलेला सिलिकॉनचा गोळा त्यात दाबून वस्तू काढतात. गुलाबी रंगानंतर पांढरा रंग घ्यायचा असेल तर यंत्र पूर्ण साफ करावे लागते, कारण गुलाबी रंगाचा अंशही पांढऱ्या मालात दिसतो. रंगाचे मिश्रणही ठरावीक वजनाच्या खाली तयार करणे परवडत नाही. शिवाय कारखान्याला स्वतःलाही कोणाची तरी किमान मागणी पाळावी लागते, ही बाब आपल्या लक्षात येत नाही. छापील खोका तयार करणारा छापखाना प्लेट आणि जुळणीच्या खर्चामुळे थोडे खोके छापून देत नाही, आणि कापडाच्या वस्तूंमध्ये रंगाईवाला पूर्ण घाण्यापेक्षा कमी कापड रंगवत नाही. त्यामुळे पुष्कळदा वस्तूची किमान मागणी प्रत्यक्षात खोक्याची किंवा रंगाची किमान मागणी असते. याखेरीज निर्यातीची कागदपत्रे, पत्रव्यवहार, नमुने पाठवणे ही कामे लहान मागणीलाही तेवढीच लागतात.

यातून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ‘आकडा कमी करा’ अशी विनंती करण्याआधी ‘हा आकडा कोणत्या कारणाने आहे’ हे विचारावे. कारण खोक्याचे असेल तर साधा खोका घेऊन त्यावर आपले लेबल चिकटवता येते. कारण रंगाचे असेल तर कारखान्यात नेहमी चालणारा रंग घेता येतो. कारण केवळ कार्यालयीन श्रमांचे असेल तर नगामागे थोडा जास्त भाव देण्याची तयारी दाखवली की पुरवठादार बहुधा तयार होतो. कारण न विचारता नुसती घासाघीस केली, तर कधीकधी आकडा खाली येतो खरा, पण तो मालाची जाडी किंवा दर्जा कमी करून आलेला असतो, आणि हे कळेपर्यंत माल आपल्या गाळ्यात येऊन पडलेला असतो.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: एक हजार म्हणजे एकूण एक हजार, की प्रत्येक रंगाचे आणि प्रत्येक आकाराचे एक हजार? चार रंगांचे मिळून हजार नग मिळतील अशा समजुतीने आगाऊ रक्कम भरायची आणि नंतर चार हजारांचे बिल समोर यायचे, असा प्रसंग एका प्रश्नाने टळू शकतो. हे उत्तर तोंडी न घेता प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे पैसे भरण्याआधी पुरवठादार पाठवतो त्या कच्च्या बिलावर, रंगवार आणि आकारवार लिहून घ्यावे.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, सांगलीतील एका महिला व्यावसायिकाचे बेकिंगच्या साहित्याचे दुकान आहे आणि त्यांना साच्यांचे संच मागवायचे आहेत. पुढील सर्व आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. पुरवठादाराने ५०० संचांना १४० रुपये, १,००० संचांना १२० रुपये आणि ३,००० संचांना ९५ रुपये असा दर दिला आहे. या दरपत्रकाकडे पाहून मन सहज ३,००० संचांकडे ओढले जाते. परंतु कारखान्याचा दर हा पडतळीचा केवळ एक भाग आहे. माल दुकानात येईपर्यंत एका नगामागे एकूण किती पैसे पडले, ती पडतळ, आणि आयातीत ती काढण्यासाठी आणखी दोन गोष्टी मिळवाव्या लागतात.

पहिली गोष्ट वाहतूक आणि बंदरावरचा खर्च. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर असते. एवढा माल नसेल तर अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरून आणतात, त्याला एलसीएल म्हणतात. त्यात घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते, आणि माल कितीही कमी असला तरी साधारणपणे किमान एका घनमीटरचे पैसे द्यावे लागतात. त्याशिवाय कस्टम एजंटाचे शुल्क, डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा वाहतूक कंपनीचा आदेश), कंटेनर फ्रेट स्टेशनचे (कंटेनर उघडून माल ठेवतात त्या गोदामाचे) किमान आकार हे खर्च मालाच्या संख्येवर फारसे अवलंबून नसतात. आपल्या उदाहरणात हा ठरीव खर्च प्रत्येक खेपेला २५,००० रुपये आणि घनमीटरमागचा खर्च ६,००० रुपये धरू. एका मोठ्या खोक्यात ५० संच बसतात आणि तो खोका ०.०८ घनमीटर जागा घेतो, असेही धरू. मग ५०० संचांची जागा ०.८ घनमीटर भरते, पण पैसे एका घनमीटरचे लागून खर्च ३१,००० रुपये, म्हणजे संचामागे ६२ रुपये होतो. १,००० संचांना तो ३४,६०० रुपये, म्हणजे संचामागे सुमारे ३५ रुपये होतो. ३,००० संचांना ५३,८०० रुपये, म्हणजे संचामागे सुमारे १८ रुपये.

दुसरी गोष्ट सीमाशुल्क. मूळ सीमाशुल्क आणि त्याच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार असे मिळून आपण मालाच्या किमतीच्या २० टक्के धरू. प्रत्यक्षात ही आकारणी मालाची किंमत, भाडे आणि विमा यांच्या एकत्रित रकमेवर होते, आणि दर वस्तूच्या वर्गीकरणानुसार बदलतो, म्हणून मागणी नक्की करण्याआधी एजंटाकडून वर्गीकरण तपासून घ्यावे. आता एकूण पडतळ पाहा: ५०० संच आणले तर संचामागे २३० रुपये, १,००० आणले तर सुमारे १७९ रुपये आणि ३,००० आणले तर सुमारे १३२ रुपये.

येथे थोडे थांबण्यासारखे आहे. ५०० वरून १,००० वर गेल्याने संचामागे सुमारे ५१ रुपये वाचले, पण त्यांपैकी पुरवठादाराने कमी केलेले रुपये केवळ २० होते. निम्म्याहून अधिक बचत वाहतूक आणि बंदरावरच्या खर्चाची वाटणी जास्त नगांवर झाल्यामुळे झाली. म्हणजे फार लहान मागणी महाग पडते याला चीनमधील कारखान्याइतकाच आपल्याकडचा खर्चही कारणीभूत असतो. एकाच खेपेत दोन-तीन पुरवठादारांचा माल एकत्र आणला तर हा ठरीव खर्च वाटला जातो, आणि एकाही वस्तूची संख्या वाढवावी लागत नाही. झेजियांग प्रांतातील यिवू येथील घाऊक बाजाराचे महत्त्व यातच आहे. सुमारे ७५,००० गाळ्यांच्या त्या बाजारात तयार माल खोक्याच्या हिशेबाने मिळतो, आणि तिथले एजंट वेगवेगळ्या गाळ्यांतील खोके आपल्या गोदामात गोळा करून एका खेपेत पाठवतात. त्यांचे कमिशन द्यावे लागते आणि मालावर आपले नाव छापून मिळत नाही, पण पहिल्या खरेदीसाठी ही किंमत मला वाजवी वाटते.

मग १३२ रुपये पडतळीचा ३,००० संचांचा पर्याय सरळ स्वीकारावा का? संच करांशिवाय २६० रुपयांना विकला जातो आणि महिन्याला १०० संच खपतात, असे धरू. ३,००० संचांत ३,९५,८०० रुपये गुंततात. ही रक्कम विक्रीतून परत यायला १,५२० पेक्षा जास्त संच विकले गेले पाहिजेत, म्हणजे सव्वा वर्ष लागते, आणि त्यापुढची विक्री हा नफा. १,००० संचांत गुंतलेले १,७८,६०० रुपये ६८७ संचांत, म्हणजे सात महिन्यांत परत येतात. सर्व ३,००० संच पूर्ण भावाने खपले तर नफा अर्थातच कितीतरी मोठा आहे. पण त्यासाठी अडीच वर्षे लागतात. समजा वर्षभराने साच्यांची नवी नक्षी बाजारात आली आणि १,२०० संच विकून झाल्यावर उरलेले १,८०० संच ४० रुपयांना काढावे लागले. तर एकूण विक्री ३,८४,००० रुपये होते आणि ११,८०० रुपयांचा तोटा होतो. व्याज आणि गाळ्याचे भाडे यात धरलेलेच नाही. १,००० संचांची मागणी मात्र दहा महिन्यांत संपून ८१,४०० रुपये देऊन गेलेली असते. नगामागचा भाव कमी करण्याच्या नादात आपण खपाची जोखीम विकत घेतो, आणि दरपत्रकात त्या जोखमीचा रकाना कुठेही नसतो.

किती मागवणे योग्य, याचे एक जुने सूत्र आहे. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने ते मांडले. प्रत्येक मागणीचा ठरीव खर्च एकीकडे आणि माल साठवून ठेवण्याचा खर्च दुसरीकडे, या दोहोंचा समतोल जिथे साधतो ती संख्या त्यातून मिळते: वर्षाचा खप गुणिले ठरीव खर्च गुणिले दोन, याला एका नगाच्या वार्षिक साठवणखर्चाने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. आपल्या उदाहरणात वार्षिक खप १,२०० आणि ठरीव खर्च २५,००० रुपये आहे. व्याज, जागा, खराबी आणि माल जुना होणे मिळून साठवणखर्च संचामागे वर्षाला ३८ रुपये धरला, तर उत्तर सुमारे १,२५० येते. हे सूत्र पुरवठादाराची मोठ्या मागणीवरची सवलत लक्षात घेत नाही आणि खप आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरते, म्हणून अगदी पहिल्या मागणीला ते लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मागणीला मात्र ते फार उपयोगी पडते, आणि त्यातली वर्गमुळाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: खप चौपट झाला तर मागणी दुप्पटच करायची असते.

रोख रकमेचा ताण पडतळीतून दिसत नाही, म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो. सर्वसाधारण पद्धतीत मागणी देताना ३० टक्के आणि माल निघण्यापूर्वी ७० टक्के रक्कम पाठवावी लागते. उत्पादन, समुद्रप्रवास आणि कस्टमची सोडवणूक मिळून पहिल्या हप्त्यापासून माल दुकानात येईपर्यंत दोन ते तीन महिने सहज जातात. बंदरावर सीमाशुल्काबरोबर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटीही भरावा लागतो. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्याला त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे विक्रीवरच्या करातून ती रक्कम वजा करता येते, त्यामुळे तो पडतळीत धरत नाहीत. पण १८ टक्के दराने ३,००० संचांवर तो साठ हजार रुपयांच्या वर जातो आणि विक्री होईपर्यंत अडकून राहतो. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला हे क्रेडिट मिळतच नाही, म्हणून त्याच्यासाठी ती रक्कम पडतळीचाच भाग होते आणि वरचा सगळा हिशेब बदलतो.

काही वस्तूंच्या बाबतीत कारखान्याच्या आकड्यापेक्षा कायद्यामुळे तयार होणारा किमान आकडा मोठा असतो. खेळण्यांचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्याचबरोबर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले, आणि त्यासाठी परदेशातील कारखान्याने स्वतः परवाना घ्यावा लागतो. चाचण्या, तपासणी आणि शुल्क यांचा हा खर्च दोनशे खेळण्यांसाठी कोणताही कारखाना करणार नाही. पॉवर बँक, ब्लूटूथ इअरफोन अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंनाही सक्तीची नोंदणी लागते. पाकीटबंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादक देश आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. वस्तू निवडण्याच्या आधीच ही बाब तपासली पाहिजे, कारण परवान्याशिवाय आलेला माल बंदरावर अडकतो आणि तिथल्या भाड्याचा मीटर रोज चालू राहतो.

तपासणीचा खर्चही ठरीव स्वरूपाचा आहे. माल निघण्यापूर्वी तिथे तपासनीस पाठवता येतो, आणि तो आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यानुसार काही नग निवडून पाहतो. नेहमीच्या पातळीवर ५०० नगांतून ५० नग, १,००० नगांतून ८० आणि ३,००० नगांतून १२५ नग तपासले जातात. माल सहापट झाला तरी तपासायचे नग केवळ अडीचपट होतात, आणि तपासनिसाचा एक दिवसाचा मोबदला बहुधा तेवढाच राहतो. त्यामुळे लहान मागणी देणारे लोक तपासणी टाळतात, जे मला धोक्याचे वाटते, कारण सदोष माल चीनला परत पाठवणे छोट्या व्यापाऱ्याला जवळजवळ कधीच परवडत नाही. तपासनीस परवडत नसेल तर निदान तयार मालाच्या आणि खोक्यांच्या चित्रफिती पाहूनच उरलेले ७० टक्के पाठवावेत.

छोट्या मागणीचे आणखी मार्ग आहेत. वर्षभराची मागणी एकदम कळवून माल दोन-तीन हप्त्यांत घेणे, हा त्यांतला चांगला मार्ग आहे. कारखाना रंग आणि खोके एकदाच तयार करतो आणि आपण पैसे हप्त्याने देतो. स्वतःचा वेगळा साचा करून घ्यायचा असेल तर त्याचा खर्च एकदा देऊन मालाची किमान मागणी कमी करून घेता येते. मात्र साच्याची मालकी कोणाची, हे लिहून घ्यावे, आणि वेगळी दिलेली ही रक्कम कस्टमसाठीच्या मूल्यात दाखवावी लागते, याची जाणीव ठेवावी. विमानाने थोडा माल मागवून बाजार अजमावता येतो, पण तिथे वजनाबरोबर आकारही मोजतात. आपला ०.०८ घनमीटरचा खोका प्रत्यक्षात आठ किलोचा असला तरी हवाई मालवाहतुकीत ६,००० घनसेंटिमीटरला एक किलो या हिशेबाने तो सुमारे १३ किलोचा धरला जातो, आणि कुरिअरवाले ५,००० चा भाजक लावतात तेव्हा १६ किलोचा. हलक्या आणि फुगीर वस्तूंना हा मार्ग म्हणूनच महाग पडतो.

चार व्यापाऱ्यांनी मिळून माल आणणेही शक्य आहे. त्यासाठी ज्याच्याकडे आयात-निर्यात कोड आहे त्या एकाने रीतसर आयात करावी आणि इतरांना जीएसटी बिलाने माल विकावा. याउलट, किलोच्या भावाने दारापर्यंत माल पोहोचवून देतो असे सांगणारे मध्यस्थ मुंबईच्या बाजारात भेटतात. त्यांच्याकडून आलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे दाखल होणारे आयातीचे कागदपत्र, आपल्या नावावर नसते, आयजीएसटीचे क्रेडिट मिळत नाही, आणि माल कायदेशीर मार्गाने आला हे दाखवण्यासाठी हातात कागद राहत नाही. किमान मागणीच्या अडचणीवरचा उपाय म्हणून हा रस्ता कोणी सुचवला तर तो घेऊ नये.

पहिली मागणी संपत आली की दुसरीची वेळ चुकवू नये, कारण इथे दिनदर्शिका दोन आहेत. आपला हंगाम गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा आणि पुढे नाताळचा. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या चिनी नववर्षाच्या सुटीत कारखाने अनेक दिवस बंद राहतात, आणि त्याच्या आधीच्या गर्दीत मोठ्या मागण्या पुढे जाऊन लहान मागण्या मागे राहतात. २०२६ मध्ये हे नववर्ष १७ फेब्रुवारीला आले. आपल्या उदाहरणात महिन्याला १०० संच खपतात आणि माल यायला तीन महिने लागतात. म्हणजे एरवी दुकानात ३०० संच आणि अडीअडचणीसाठी आणखी शंभर शिल्लक असतानाच दुसरी मागणी गेलेली असावी. माल नववर्षाच्या सुटीत सापडणार असेल तर हाच आकडा ५०० धरावा लागतो.